माळ्यावरचा वस्तरा: गंज जावा, पोलाद राहावं

चाळ पुनर्विकासात गेली तेव्हा माळा रिकामा करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. तळाशी जुन्या पंचाच्या तुकड्यात गुंडाळलेला त्यांचा वस्तरा निघाला. गिरणीचा भोंगा व्हायच्या आत, गॅलरीच्या खांबाला तळहाताएवढा आरसा अडकवून ते रोज याच वस्तऱ्याने दाढी करायचे. माझ्या हातात आला तेव्हा पात्याचा रंग चिंचोक्यासारखा झाला होता आणि पातं मुठीतून बाहेर यायला तयार नव्हतं. आज मी दर रविवारी त्यानेच दाढी करतो.

मधलं काम तीन आठवड्यांचं होतं, रोज रात्री जेवणानंतर तासभर. त्याआधी मी एक चांगला वस्तरा कायमचा गमावला होता. चोरबाजारातून घेतलेलं ते जर्मन पातं मी एका बफिंगच्या दुकानात चकचकीत करायला दिलं. परत आलं तेव्हा आरशासारखं चमकत होतं, पण धारेलगत बोटभर लांबीचा निळा डाग होता. चाकाच्या उष्णतेने पोलादाचं पाणी, म्हणजे तापवून आणलेला कडकपणा, उतरलं होतं. त्या जागी नंतर कितीही घासलं तरी धार टिकली नाही. तेव्हापासून मी एकच गोष्ट सांभाळतो: गंज जावा, पोलाद जाऊ नये. पुढे लिहिलेलं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी नुसतं पाहा

वस्तरा हाती आला की लगेच घासायला बसू नका. खिडकीजवळ उजेडात बसा आणि एखादं भिंग घ्या. झवेरी बाजाराच्या आसपास सोनारकामाचं सामान विकणाऱ्यांकडे जवाहिऱ्यांचं १० पट मोठं दाखवणारं भिंग मिळतं, ते सगळ्यात उपयोगी.

पात्याची मागची जाड कड म्हणजे पाठ. समोर धार. मुठीकडचा धारेचा कोपरा म्हणजे टाच, दुसऱ्या बाजूला टोक. टाचेच्या मागे जो जाड दांडा मुठीत जातो, त्यावर कारखान्याचा ठसा असतो. पाठ नुसती मजबुतीसाठी नाही हे आत्ताच लक्षात ठेवा. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, आणि धारेचा कोन पाठीच्या जाडीवर ठरतो. पाठ घासून पातळ केलीत तर कोन बिघडला. बाजारात पाठीवर रुंद, सपाट, चमकदार पट्टी पडलेले वस्तरे दिसतात. कुणीतरी वर्षानुवर्षं जोर लावून धार लावल्याची ती खूण. असा वस्तरा घेऊ नका.

मग आवाज ऐका. पातं उघडून दांड्याला दोन बोटांत हलकं धरा आणि पात्याच्या पोटावर नखाने टिचकी मारा. पोकळ घडणीचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेलं पातं धड असेल तर बारीक, लांबत जाणारा नाद येतो, पूजेतल्या लहान घंटीसारखा. तडा असेल तर आवाज बसका येतो. जुनी पाचरीसारखी जाड पाती मात्र धड असूनही फारशी वाजत नाहीत, त्यांना ही परीक्षा लावू नका.

तड्याचा संशय आला तर खात्री करायचा एक जुना, सोपा उपाय आहे. पात्याला पातळ तेल लावून पंधरा मिनिटं ठेवा, कोरड्या कापडाने पूर्ण पुसा आणि वर टाल्कम पावडर भुरभुरा. तड्यात शिरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि पावडरीवर केसासारखी गडद रेघ उमटते. ती रेघ धारेपर्यंत पोचत असेल तर वस्तरा शोभेला ठेवा. दाढीला घेऊ नका, कारण तडा गेलेलं पातं गालावर तुटू शकतं.

शेवटी गंज कुठे आहे ते बघा. पाठीवर आणि दांड्यावर कितीही असो, काम होतं. धारेपासून एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात खोल खड्डे असतील तर अवघड आहे. धार लावत गेलात की तो प्रत्येक खड्डा आज ना उद्या धारेवर येऊन खांडा पडणार.

ठसा काय सांगतो

आजोबांच्या वस्तऱ्यावरचं कीट निघाल्यावर दांड्यावर आधी ‘शे’ एवढंच दिसलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण ‘शेफील्ड’ आणि त्याखाली ‘इंग्लंड’. इंग्लंडमधलं शेफील्ड, जर्मनीतलं झोलिंगन, फ्रान्समधलं तिएर आणि स्वीडनमधलं एस्किल्स्टुना ही वस्तऱ्यांची नावाजलेली गावं. इंग्रजांच्या काळात मुंबईत उतरलेला बराचसा माल शेफील्ड आणि झोलिंगनचा. देशाचं नाव ठशात असेल तर वस्तरा बहुधा १८९० नंतरचा समजावा. १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतर जर्मन मालावर ‘मेड इन जर्मनी’ येऊ लागलं, आणि १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव लागू लागलं. ‘सिल्व्हर स्टील’ असं कोरलेलं दिसलं तर चांदीचं पातं मिळालं म्हणून हुरळून जाऊ नका. ते पोलादाच्या दर्जाची जाहिरात करणारं नाव आहे.

बहुतेक जुनी पाती साध्या कार्बन पोलादाची असतात. न गंजणाऱ्या पोलादाचं श्रेय ज्याला देतात तो हॅरी ब्रेअर्ली शेफील्डचाच, पण त्याचं काम १९१३ चं. त्यामुळे ट्रंकेतून निघालेलं पातं गंजणारंच आहे असं धरून चाला.

मुठीचा विचार पात्याच्या आधी

हे बरेच जण विसरतात. पातं आत गंजायचं कारण कधीकधी मूठच असते.

मूठ शिंगाची, लाकडाची, हाडाची, धातूची किंवा सेल्युलॉइडची असते. सेल्युलॉइड ओळखायला सोपं. अंगठ्याने जोरात घासून गरम करा आणि वास घ्या. कापराचा वास येतो, कारण ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासूनच बनवतात. जुनं झालं की ते विघटित होतं आणि त्यातून नायट्रिक आम्लाची वाफ सुटते. मूठ चिकट झालेली, आतून बारीक तड्यांचं जाळं दिसतंय, आणि पात्यावर गंज नेमका मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावरच आहे, अशी लक्षणं दिसली तर ती मूठ वाचवू नका. खिळे काढा, पातं वेगळं करा. अशी मूठ बाकी वस्तऱ्यांबरोबर एका डब्यात ठेवली तर तीही गंजतात. सेल्युलॉइड भडकन पेटतं, म्हणून गॅसच्या शेगडीजवळ आणि देवघरातल्या निरांजनाजवळ हे काम नको. नखांचं पॉलिश काढायचं द्रावण, म्हणजे ॲसिटोन, त्यावर पडलं तर मूठ विरघळते.

मूठ हस्तिदंताची आहे असं सांगून कुणी जास्त पैसे मागत असेल तर सरळ मागे फिरा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आहे. हॉक्सबिल कासवाच्या पाठीच्या मुठीही यातच आल्या. बाजारात हस्तिदंती म्हणून दाखवतात ते बहुतेक वेळा पांढरट सेल्युलॉइडच असतं, कापराच्या वासाने लगेच कळतं.

म्हशीच्या शिंगाची मूठ कोरडी पडून तिचे पापुद्रे सुटतात. ती साबणाच्या ओलसर कापडाने पुसून वाळवा आणि केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन लावून दोन-तीन दिवस ठेवा. रंग परत गडद काळा होतो. शिंगाला कीडही लागते, कडेला कुरतडल्यासारखी खाच दिसते. ती खाच मी तशीच राहू देतो.

सामान

वॉटर पेपर ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे. ०००० नंबरची स्टील वूल. शिलाई मशीनचं तेल. धातूचं पॉलिश, ब्रासो चालतं. जुना टूथब्रश, आइस्क्रीमच्या काड्या, सुती बनियनच्या चिंध्या, चिकटपट्टी, इलेक्ट्रिशियनची काळी टेप. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या नागदेवी स्ट्रीटला यातलं हत्यारांचं सगळं सामान एका फेरीत मिळतं, शिवाय दीड मिलिमीटरची पितळी तार आणि लहानशी गोल तोंडाची हातोडी. चामडं धारावीत मिळेल.

रॉकेल शोधत फिरू नका, तेलाने तेच काम होतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर, बाथरूम साफ करायचं ॲसिड यांतलं काहीही वापरू नका. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लखलखतात म्हणून हात तिकडे जातो. पण आम्ल गंजाबरोबर पोलादही खातं, आणि पात्यावर राखाडी, खरबरीत डाग राहतो जो घासून काढताना आणखी पोलाद जातं.

धुणं

वस्तरा आधी कुणी, कुणासाठी वापरला हे आपल्याला माहीत नसतं. रक्तातून पसरणारे आजार वस्तऱ्यातून पसरतात, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. एड्सबद्दल जागृती झाल्यावर सलूनमधल्या कायमच्या पात्याच्या वस्तऱ्यांची जागा अर्धं ब्लेड लावायच्या वस्तऱ्यांनी घेतली ती याच कारणासाठी. तेव्हा काम सुरू करायच्या आधी आणि संपल्यावर, दोन्ही वेळा निर्जंतुक करा.

भांड्यांच्या साबणाने आणि टूथब्रशने पातं धुवा, ब्रश पाठीकडून धारेकडे फिरवत. मुठीच्या फटीत चिंधी गुंडाळलेली आइस्क्रीमची काडी घाला. आत दाढीच्या साबणाचा वाळलेला थर आणि केस निघतात, पुष्कळदा पातं अडकायचं कारण तेवढंच असतं. पुसून वाळवा आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातं तेवढं पुसा, मूठ नको. ब्लीच वापरू नका, पात्यावर लगेच गंज धरतो. उकळत्या पाण्यात वस्तरा टाकला तर सेल्युलॉइड वाकतं आणि शिंग वेडंवाकडं होतं. या कामात हात कापला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

गंज काढताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

धारेला आधीच खांडे पडले असतील तर ती मारून टाका. धार दगडाच्या कडेवर उभी धरून हलक्या हाताने दोनदा ओढा. पुढे धार नव्याने लावायचीच आहे, आणि बोथट पात्याने तुमची बोटं वाचतील. धार धड असेल तर तिच्यावर लांबीभर चिकटपट्टी दुमडून लावा. पातं हवेत धरून कधीच घासू नका. सपाट फळीच्या कडेला टेकवून ठेवा म्हणजे खालून आधार राहील. हात पाठीकडून धारेकडे जाईल आणि धारेपाशी उचलला जाईल. उलट, धारेच्या समोरून पाठीकडे बोट न्यायचं नाही, धारेच्या लांबीवर बोट सरकवायचं नाही. कापडी हातमोजे वस्तऱ्यापुढे टिकत नाहीत. त्यांच्या भरवशावर माणूस निष्काळजी होतो.

पात्याला तेल चोळा आणि रात्रभर ठेवा. आजोबांचं पातं मी तीन रात्री तेलात ठेवलं, रोज पुसून पुन्हा तेल. तिसऱ्या दिवशी चिंधीवर आलेला रंग पातळ हरभऱ्याच्या पिठासारखा होता आणि त्यात लाल कण होते. एवढ्यानेच वरचा सैल तांबेरा निघून येतो. तेल आणि वेळ यांनी जेवढं होईल तेवढं होऊ द्या, ते फुकटचं काम आहे, त्यात पोलाद जात नाही.

मग तेलात बुडवलेली ०००० स्टील वूल. हलक्या हाताने, सारखी बदलत. लाल रंग जातो आणि खाली काळसर डाग उरतात. इथे थांबा आणि विचार करा. लाल गंज जिवंत असतो, तो पोलाद खात राहतो. काळा थर हा लोखंडाचाच दुसरा ऑक्साइड. घट्ट बसलेला, कोरडा काळा थर पात्याला फारसा त्रास देत नाही. मी तो पाठीवर आणि दांड्यावर तसाच ठेवतो. शंभर वर्षांच्या वस्तऱ्यावर तो शोभतोही. ठशाच्या जागी तर वॉटर पेपर कधीच लावू नका. अक्षरं इतकी उथळ असतात की दहा-बारा फेऱ्यांत पुसट होतात. पात्यावर सोन्याचा मुलामा दिलेली नक्षी असेल तर तिच्यावर पॉलिशही नको. सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, साबणाच्या पाण्याने पुसा आणि सोडून द्या.

उरलेल्या उंच खरबरीत जागांवर वॉटर पेपर. पाण्यात दोन थेंब साबण घालून कागद ओला ठेवा. धूळ उडत नाही, घासलेला गंज वाहून जातो. छोट्या घरात, मुलं आसपास असताना हे महत्त्वाचं. मी ८०० ने सुरुवात करतो. ६०० ला फक्त खोल खड्ड्यांसाठी हात लावतो. कागद गोल खोडरबराभोवती गुंडाळा म्हणजे पात्याच्या खोलगट पोटात नीट बसतो. सपाट लाकडाला लावलात तर पाठीलगतची आणि धारेलगतची कड घासली जाईल आणि मधलं पोट तसंच राहील. प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की पुढे जा. ८००, १०००, १५००, २०००. काही खड्डे तळाशी काळे राहतील. त्यांच्या मागे लागू नका. खड्ड्याचा तळ गाठायचा म्हणजे त्याच्या भोवतीचं सगळं पातं तेवढं खाली आणायचं, आणि पोकळ घडणीच्या पात्यात तेवढं पोलाद शिल्लकच नसतं.

इलेक्ट्रिक मोटरचं हत्यार वापरायचा मोह होईल. वस्तऱ्याच्या पोलादाला पाणी देताना शेवटचा ताव साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा असतो. पातं त्यापुढे गेलं की पिवळसर होतं, ३०० च्या जवळ निळं. धारेलगतची जाडी कागदासारखी असल्यामुळे फिरत्या चाकाखाली तिथला ताव क्षणात चढतो, हाताला पात्याची उष्णता कळायच्या आत. त्यामुळे सगळं हाताने. रस्त्यावर सायकलच्या चाकाने सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा कितीही कसबी असला तरी वस्तरा त्याच्याकडे देऊ नका. त्याचं चाक सुरीसाठी आहे.

शेवटी चिंधीवर थोडं ब्रासो. पहिल्या मिनिटात चिंधी काळी कुळकुळीत होते, ते पोलाद आहे. दोन वेळा केलं की पुरे. साबणाने धुवा, टॉवेलने पुसा, पंख्याखाली दहा मिनिटं ठेवा आणि तेलाचा हात लावा.

खिळे

पातं बंद करताना मुठीच्या एका बाजूला घासत असेल किंवा मुठीच्या पाळ्या, म्हणजे दोन बाजूंच्या पट्ट्या, डुगडुगत असतील, तर आधी खिळा घट्ट करून बघा. लोखंडाच्या सपाट तुकड्यावर खिळ्याचं एक टोक टेकवा आणि दुसऱ्या टोकावर गोल हातोडीने हलके, खूप सारे ठोके द्या. चार ठोके आणि तपासणी, पुन्हा चार. एका जोरदार ठोक्याने शिंगाची मूठ उभी चिरते.

खिळे काढायची वेळ फक्त दोनदा येते: मूठ कुजली असेल किंवा पात्याच्या भोकाभोवतीचा गंज फटीतून काढता येत नसेल. डोकं कानसने घासून बारीक सळईने खिळा बाहेर ढकला, नंतर पितळी तारेचा नवा खिळा बसवा. पहिल्याच वस्तऱ्याला हे करू नका. आजोबांच्या वस्तऱ्याचे खिळे त्यांच्या वेळचेच आहेत.

धार

चकचकीत झालेला वस्तरा दाढी करत नाही, धारेचा वस्तरा करतो. हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा ऑइल स्टोन सुतारकामाला ठीक, वस्तऱ्याला फार जाडा. १०००, ४०००, ८००० आणि जमल्यास १२००० नंबरचे पाण्याचे दगड लागतात, ऑनलाइन मिळतात. दगड महाग वाटले तर काचेच्या सपाट तुकड्यावर चिकटवायची १२, ५, ३ आणि १ मायक्रॉनची पॉलिशिंग फिल्म हाही चांगला मार्ग आहे. दगड घेतलात तर तो आधी काचेवर वॉटर पेपर ठेवून सपाट करा. मध्ये खोलगट झालेल्या दगडावर सरळ धार येत नाही.

पाठीला काळी टेप एक पदर लावा. काही जण लावत नाहीत, मी जुन्या वस्तऱ्याला नेहमी लावतो, पाठ झिजत नाही आणि पात्यावरची नक्षी वाचते. टेप फाटली की बदला, आणि सगळ्या दगडांवर टेपचे पदर तेवढेच ठेवा, नाहीतर कोन बदलेल.

१००० च्या दगडावर पातं आडवं ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. धार पुढे ठेवून ढकला आणि ढकलता ढकलता टाचेकडून टोकाकडे तिरकं सरकवा, म्हणजे पूर्ण लांबी दगडावरून जाते. शेवटी पातं पाठीवर उलटा, पाठ दगडाला चिकटलेलीच. धारेवर उलटलंत तर केलेलं सगळं गेलं. जोर अगदी कमी, सुरुवातीला पात्याच्या वजनापेक्षा थोडा जास्त, पुढे तेवढाही नाही.

काम बरोबर चाललंय का ते कळायला धारेच्या उतारावर मार्करने रेघ ओढा आणि पाच-सहा फेऱ्या मारा. शाई धारेच्या अगदी कडेपर्यंत गेली तर ठीक. मागेच गेली आणि कडेला राहिली तर दगड अजून धारेला पोचलेला नाही. टाचेला राहिली तर पातं वाकडं आहे, तिथे फेरी थोडी तिरकी करा. हा पहिला दगड चुकला तर पुढचे तिन्ही दगड वाया. म्हणून इथे घाई करू नका, मला एकेका पात्याला दोन-दोन संध्याकाळी लागल्या आहेत. हाताच्या मनगटावरचे केस पूर्ण लांबीवर कुठेही न ओढता कापले गेले, की १००० झाला.

पुढे ४००० वर तीसेक फेऱ्या, ८००० वर वीसेक, १२००० वर दहा-पंधरा, दर दगडाला हात आणखी हलका. आधीच्या दगडाचे ओरखडे भिंगातून दिसेनासे झाले पाहिजेत. ८००० नंतर धारेवरून पाणी वेगळ्याच पद्धतीने सरकतं, जणू पातं दगडाला चिकटून बसतं. ते एकदा हाताला कळलं की मग आकडे मोजावे लागत नाहीत.

पट्टा

दगडावरून आलेली धार अजून कच्ची असते. धारावीतून अडीच-तीन इंच रुंद, गुळगुळीत, डाग नसलेल्या गाईच्या किंवा म्हशीच्या चामड्याची दीड फूट पट्टी घ्या, तेवढाच रुंद जाड सुती पट्टा किंवा कॅनव्हास जोडीला. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं हातात ताणून. इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे. सुती पट्ट्यावर वीसेक फेऱ्या, चामड्यावर पन्नास. पट्टा सैल पडला की धार गोल होते, म्हणून ताण सोडू नका. दर वळणाला पातं पाठीवरून उलटा. घाईत धारेवर उलटलं तर पट्टा कापला जातो, माझ्या पहिल्या पट्ट्यावर अशा सात चिरा आहेत.

दाढीआधी पातं पुन्हा अल्कोहोलने पुसा. त्वचा गरम पाण्याने भिजवा, साबणाचा भरपूर फेस करा, वस्तरा गालाशी साधारण ३० अंशांत, आणि पहिल्या दोन आठवड्यांत फक्त दोन्ही गाल. हनुवटी आणि गळा नंतर. वस्तरा एका माणसाचाच ठेवा, घरातल्या घरातसुद्धा वाटून घेऊ नका. दाढीनंतर ओल्या त्वचेवर तुरटी.

मुंबईचा पावसाळा

सगळं करून वस्तरा बाथरूममध्ये ठेवलात तर गणपतीपर्यंत पुन्हा लाल ठिपके दिसतील. जून ते सप्टेंबर इथली हवा सतत दमट, आणि समुद्राजवळ हवेतलं मीठ गंजाचा वेग वाढवतं. दाढी झाली की पातं स्वच्छ पाण्यात खळबळा, धारेला न लागता टिश्यूने पुसा, मुठीच्या फटीतून टिश्यू ओढून काढा, कारण पाणी तिथेच अडकतं. उघडं ठेवून तासभर वाळू द्या. मग सुती पट्ट्यावर दहा फेऱ्या, त्याने धारेवरचा ओलावा जातो, आणि लिक्विड पॅराफिनचा एक थेंब पात्यावर.

खोबरेल तेल लावू नका. खाण्याची तेलं वेळाने चिकट होतात, त्यात धूळ बसते. चामड्याच्या म्यानात, पुठ्ठ्याच्या जुन्या डबीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळूनही ठेवू नका, हे सगळं दमट हवेतलं पाणी शोषून पात्याला देतं. आजोबांचा पंचाचा तुकडा याच कारणाने मी वेगळा ठेवला आहे, वस्तऱ्याभोवती नाही. बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवा आणि स्टीलच्या डब्यात वस्तऱ्याशेजारी ठेवा. पुड्या ओल शोषेनाशा झाल्या की नव्या घाला. जुलैत दर रविवारी डबा उघडून टाचेची कड आणि खिळ्याभोवतीची जागा भिंगातून बघतो. ठिपका सुईच्या टोकाएवढा असतानाच दिसला तर तेल आणि चिंधीने दोन मिनिटांत जातो.